काटासाहेबांचे वर्षातले दहा अल्बम

माझे साडू वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत. बाजारात त्यांना काटासाहेब म्हणतात, आणि ते कोपऱ्यावर दिसले की अर्धा बाजार तराजूची पारडी पुसायला लागतो. मापात पाप करणाऱ्याला ते सोडत नाहीत, ही त्यांची ख्याती. ती मी ऐकीव सांगत नाही. नऊ वर्षांपूर्वी ते माझ्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात आले, "काय साडूबुवा, बरं आहे ना सगळं?" अशी चौकशी केली, आणि लगेच पेटीतली वजनं काढून माझा तराजू तपासायला घेतला. किलोमागे अकरा ग्रॅमची खोट निघाली. तराजूला सील लागलं, नोटीस माझ्या हातात आली. त्याच संध्याकाळी सासुरवाडीला आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. मी मूग गिळून होतो. त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

"अकरा ग्रॅम म्हणजे किती खिळे हो?" मी शेवटी विचारलं.

"आकारावर आहे," ते म्हणाले. "दोन इंची असतील तर चार."

चार खिळ्यांसाठी सख्ख्या साडूचा तराजू धरणारा हा माणूस. यांना व्यसन एकच. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूचा तर वासही चालत नाही. त्यांना इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह रॉकचे अल्बम लागतात. इंडी म्हणजे ज्यांना मोठ्या कंपनीने दारात उभं केलं नाही असे, आणि ऑल्टरनेटिव्ह म्हणजे ज्यांच्या दारात कंपनी आली होती पण त्यांनीच कडी काढली नाही असे. हा माझा अर्थ. साडूंचा अर्थ पाऊण तासाचा आहे आणि तो मी दोनदा ऐकलेला आहे.

नुसतं ऐकून त्यांचं भागत नाही. वर्षभरात निघालेल्या अल्बमांतले चाळीस ऐकायचे, त्यांना दहापैकी गुण द्यायचे, आणि वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता त्यातले पहिले दहा जाहीर करायचे, असा रिवाज आहे. जाहीर कुणापुढे, तर ताई, माझी बायको आणि मी. ताई म्हणजे साडूंची पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. सोमवारी तीच यादी अकरा जणांना मोबाइलवर जाते. त्यातले नऊ जण 'छान' असं उत्तर देतात, एक गृहस्थ दरवर्षी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, आणि अकरावा नंबर चार वर्षांपूर्वीच बंद पडलाय. साडू त्यालाही पाठवतात. नोंदीत आहे तर पाठवायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

हे खूळ कुठून आलं तेही सांगतो. नोकरीत नवे असताना ते एका भंगारवाल्याचा काटा तपासायला गेले होते. तिथे पोतंभर जुन्या कॅसेट पडल्या होत्या आणि भंगारवाला त्या किलोवर विकत होता. गाणी किलोवर विकतात हे साडूंना पटेना. पण किलोवर विकायचीच तर किलो पुरता भरला पाहिजे, हेही तितकंच खरं. त्यांनी स्वतःच्या पेटीतली वजनं लावून बरोबर दोन किलो कॅसेट घेतल्या. बहुतेक फिती तुटलेल्या निघाल्या. एक चालली. तिच्यावर ना नाव, ना चित्र, ना वाजवणाऱ्याचा पत्ता. ती त्यांनी दोन वर्षं ऐकली. तो अल्बम कुणाचा होता हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही, आणि आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला अल्बम तोच, असं ते शपथेवर सांगतात. कारण काय, तर ऐकताना नाव आडवं आलं नाही.

तेव्हापासून त्यांचा सिद्धांत ठरला: नाव कळलं की कान बिघडतो. आणि बायको मिळाली तीही नेमकी पॅथॉलॉजी लॅबमधली. ताई तिथे नमुने घ्यायला बसतात. बाटलीवर नंबर लावायचा, नाव वहीत ठेवायचं, आत तपासणाऱ्याला दिसेल तो फक्त नंबर. लग्नानंतर हीच पद्धत त्यांनी घरात आणली. वर्षातले चाळीस अल्बम ताई निवडतात. कुठे काय निघालं, कोणी काय लिहिलं, कुठला बँड फुटला आणि कुठला पुन्हा जुळला, हे सगळं त्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचतात. मग गाणी साडूंच्या छोट्या प्लेअरमध्ये टाकतात, नुसता नंबर देऊन. नावं ताईंच्या हिरव्या वहीत राहतात. म्हणजे इंडी रॉकचं ज्ञान सगळं ताईंना, आणि मत मात्र साडूंचं. अशी वाटणी बऱ्याच घरांत असते, म्हणून मी त्यावर काही बोलत नाही.

प्रत्येक अल्बम तीन वेळा ऐकायचा. पहिल्यांदा खुर्चीत बसून, दुसऱ्यांदा गच्चीवर चालत, तिसऱ्यांदा शर्टांना इस्त्री करत. चौथ्यांदा ऐकायचा नाही.

"चौथ्यांदा ऐकला की ओळख होते, साडूबुवा," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "आणि ओळख झाली की निकाल देता येत नाही."

दर ऐकण्याची एक उभी रेघ त्यांच्या काळ्या वहीत पडते. नोंद केल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसावी. खरी परीक्षा इस्त्रीची. अल्बम चांगला असला की त्यांचा हात थांबतो, इस्त्री तिथेच राहते आणि शर्ट जळतो. वर्षाला एखादा शर्ट असा कामी येतो. तो कधी जळला आणि तेव्हा प्लेअरमध्ये काय होतं, यावरून ताई आणि माझी बायको पहिला नंबर ओळखायचा प्रयत्न करतात. काळी वही मात्र कुणाला बघायला मिळत नाही.

नियमही मोठे कडक. सहा वर्षांपूर्वी ताईंकडून एका अल्बमवर नंबराबरोबर बँडचं नावही राहून गेलं. साडूंनी तो न ऐकताच बाद केला. "सील तुटलं," एवढंच म्हणाले. तो अल्बम ताईंनी तीन दिवस शोधून मिळवला होता. त्या आठवडाभर साडूंशी फक्त नंबरात बोलल्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या दोघांना एकच मुलगी, तिला सगळे बारकी म्हणतात. ती आता बापापेक्षा दोन बोटं उंच आहे. हे खात्रीने सांगतो, कारण दाराच्या चौकटीवर तिची उंची दरवर्षी खात्याने प्रमाणित केलेल्या टेपने मोजलेली आहे. अशा घरात वाढलेलं मूल एक तर रॉकच्या नावाने कानाला खडा लावील, नाही तर स्वतःच वाजवायला लागेल. बारकीने बेस गिटार धरली, म्हणजे चार जाड तारांची, खर्जात घुमणारी. तीन वर्षं तिच्या खोलीतून दिवसभर तेच चार सूर यायचे, आणि भिंतीपलीकडे साडू कचेरीचे फॉर्म भरत बसलेले असायचे. पुढे ती विमा कंपनीत लागली. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून तिने तीन मैत्रिणींबरोबर बँड काढला, आणि पहिलं गाणं घेऊन घरी आली.

मी तेव्हा तिथे होतो. तिने प्लेअर बापाच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, ऐका. पण बाबा म्हणून सांगा हं."

"बाबा म्हणून काय वेगळं सांगायचं?" साडू म्हणाले. "गाणं आहे, ऐकतो."

त्यांनी नियमाप्रमाणे तीन वेळा ऐकलं. बसून ऐकलं, गच्चीवर जाऊन आले, शर्ट घेतला, इस्त्री केली. शर्ट जळला नाही. मग एका कागदावर गुण लिहून दिले: दहापैकी साडेपाच. खाली शेरे. त्यातला शेवटचा शेरा होता, 'बेस उशिरा येतो.' बारकीने कागद वाचला, चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवला आणि चहा न घेता गेली. तेव्हापासून तिने भाड्याची खोली घेतली आणि या घरात पाऊल ठेवलं नाही. ताईंशी फोनवर बोलायची. बापाशी नाही.

पोटच्या पोरीला साडेपाच! मी घरी येऊन बायकोला म्हटलं, नशीब समज, आपला तराजूच धरला. साडूंना याचं काही वाटलं का, हे कुणालाच कळलं नाही. माणूस पूर्वीसारखाच ऑफिसला जायचा आणि यायचा. फक्त तिच्या खोलीचं दार उघडं ठेवायला लागला, आणि फॉर्म भरायला तिथे जाऊन बसायला लागला.

यंदा सप्टेंबरमध्ये ताई माझ्या दुकानात पडद्याचे हूक घ्यायला आल्या. हूक घेतले तरी हलेनात. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, बारकीच्या बँडचा अल्बम आलाय. पुरा अल्बम, नऊ गाण्यांचा."

बँडचं नाव 'लिफ्ट बंद आहे' आणि अल्बमचं नाव 'वरच्या मजल्यावर पाणी नाही'. ही आणि पुढची सगळी नावं मी मराठीत करून सांगतोय, मूळ नावं माझ्या जिभेवर ठरत नाहीत.

"त्यांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं तर ते ऐकायचेच नाहीत. म्हणतील, नाव कळलं, बाद." ताईंनी हुकांची पुडी घट्ट धरली. "मी प्लेअरमध्ये घातलाय. तेवीस नंबर."

मी हातातला खिळ्यांचा डबा खाली ठेवला. "ओळखतील ना हो."

"कसे ओळखतील? गाणारी मुलगी नवीन आहे, त्यांनी कधी ऐकलेली नाही. ते जुनं गाणं यात नाही. बारकी नुसती बेस वाजवते. बेस कुणाला ऐकू येतो, भाऊजी?"

हे मला पटलं. मला स्वतःला बेस आणि फ्रीज यांतला फरक कळत नाही. पण एक गोष्ट विचारावीशी वाटली. "आणि पहिल्या दहात नाही आला तर?"

ताईंनी पुडी पिशवीत टाकली. "तिला सांगितलंय मी. म्हणाली, येईन रविवारी. दहावा आला तरी चालेल. कोण वाजवतंय हे माहीत नसताना त्यांनी हो म्हटलेलं मला ऐकायचंय, म्हणाली. आणि नाही आला तर परत बोलवू नकोस, म्हणाली."

हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं ते हेच, असं माझ्या मनात आलं. पण बोललो नाही. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटत होती. ज्या माणसाने नात्यागोत्याला कधी भीक घातली नाही, त्याच्या काट्यावर त्याच्या नकळत त्याचंच माणूस चढवलं होतं. मला माझ्या अकरा ग्रॅमची भरपाई झाल्यासारखी वाटली.

पुढचे तीन महिने ताईंच्या घरून बातम्या येत राहिल्या. ऑक्टोबरात दोन शर्ट जळले. नोव्हेंबरात आणखी दोन, त्यातला एक तर नवाकोरा. यंदा फारच चांगलं वर्ष दिसतंय, असं माझी बायको म्हणाली. मग शर्ट संपले. साडूंनी रुमालांना इस्त्री केली, चादरींना केली, उशांच्या अभ्र्यांना केली. एका शनिवारी ताईंचा फोन आला. "अगं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "हे पायपुसण्याला इस्त्री करतायत. डॉक्टरांना दाखवू का?"

शेवटचा रविवार आला. आम्ही पावणेचारला पोचलो. खोली नेहमीचीच: खिडकीजवळ साडूंची खुर्ची, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, त्याच्या कापडावर चार-पाच तपकिरी डाग. ताईंनी काकडीचे सँडविच केले होते आणि त्यांचे कोपरे इतके सारखे कापले होते की त्या घाबरल्या आहेत हे मला लगेच कळलं. साडू आंघोळ करून, न जळलेला एकमेव शर्ट घालून बसले होते.

चारला पाच मिनिटं कमी असताना बारकी आली. दारात चपला काढल्या, "आई," म्हणाली. मग जरा थांबून, "बाबा," म्हणाली.

"ये," साडू म्हणाले.

दोन वर्षांनी बापलेकीत झालेलं हे पहिलं संभाषण. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर ठेवून, उठून जायला सोपं पडेल अशी. माझ्या बायकोने सँडविच पुढे केलं तर "नको मावशी, नंतर," म्हणाली.

बरोबर चार वाजता साडू उभे राहिले आणि खिशातला कागद काढला. ते नंबर वाचणार, ताई हिरव्या वहीतून नाव सांगणार, हा क्रम. साडूंनाही नाव तेव्हाच कळतं.

"दहावा क्रमांक. नंबर एकतीस."

"'फ्रीज चालू राहू द्या'," ताईंनी वाचलं. "तीन भावांचा बँड आहे."

"भाऊ आहेत होय. तरीच कुणी कुणाचं ऐकून घेत नाही," साडू म्हणाले, आणि पुढे गेले.

दहावा गेला. मी बारकीकडे बघायचं टाळलं. नववा क्रमांक, नंबर चार. आठवा क्रमांक, नंबर अडतीस. तो एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा निघाला, त्या दिवसा दवाखाना चालवतात आणि सुट्टीच्या दिवशी गातात. अल्बमचं नाव 'दोन तास काही खाऊ नका'. एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो. सातवा गेला. सहावाही गेला. प्रत्येक नंबराला ताईंचं बोट वहीत तेविसाव्या ओळीवर जायचं आणि तिथून खाली किंवा वर सरकायचं.

"पाचवा क्रमांक," साडू म्हणाले. "नंबर ते..." आणि त्यांना खोकला आला. त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला. "तेहतीस."

बारकीने पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला. चौथा, तिसरा, दुसरा. आता एकच उरला होता, आणि मला, नास्तिक माणसाला, देव आठवायला लागला.

"पहिला क्रमांक. नंबर आठ."

ताई वाचेनात. साडूंनी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी वाचलं. "'खोल बाजू'. रिकाम्या पोहण्याच्या तलावात रेकॉर्ड केलाय."

"आवाजावरून वाटलंच होतं," साडू म्हणाले. कागदाची घडी घातली. "यादी संपली."

बाहेर जिन्यात कुणीतरी सामान वर चढवत होतं, त्याचे आवाज येत राहिले. मग ताई म्हणाल्या, "अहो, तेवीस?"

"तेवीस बाद."

"बाद म्हणजे? गुण किती दिलेत?"

"दिले नाहीत."

बारकी उठली. तिचा चेहरा रागावलेला असता तर बरं वाटलं असतं. "निघते आई," ती म्हणाली. "काका, मावशी, येते." आणि दारात जाऊन चपलेत पाय घालायला लागली.

आता मला राहवेना. नऊ वर्षं आवळून धरलेलं तोंड सुटलं. "साडूबुवा, काय बाद केलंत कळतंय का? पोरीचा अल्बम आहे तो तुमच्या. तिने अन् ताईंनी..."

"माहीत आहे," साडू म्हणाले.

ताईंनी वही मिटली. "कधीपासून?"

"पहिल्या गाण्यापासून. सुरुवातीला सगळ्या जणी थांबतात, मग एकदम सुरू होतात, आणि बेस एक क्षण मागून येतो. खालून चढत येतो." ते भिंतीकडे बघत होते, बारकीच्या खोलीच्या. "तीन वर्षं ऐकलंय मी ते इथे बसून. नाव कशाला लागतंय?"

"वा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. "म्हणजे इथे नातं दिसलं म्हणून बाद. माझ्या दुकानात आला होतात तेव्हा नातं दिसलं नाही? तिथे बरे अकरा ग्रॅम दिसले."

साडू खाली बसले. त्यांना वाद घालताना मी पुष्कळदा पाहिलंय, पण असं शब्द शोधताना कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्याकडे काटा तुमचा होता," ते म्हणाले. "वजनं माझी होती. ती बरोबर होती, म्हणून तुमची खोट दिसली. इथे माझी वजनंच बिघडली, साडूबुवा. बारकी एका ठिकाणी चुकते. सातव्या गाण्यात. मला ते चुकलेलंही आवडायला लागलं. अशा वजनांनी मी कुणाचं माप घेऊ? वरच्या दहा जणांवर अन्याय होईल. तिच्यावरही होईल."

दारात चपलेचा आवाज थांबला होता.

साडू उठून आत गेले आणि काळी वही घेऊन आले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ती वही ताईंच्या हातात पहिल्यांदा पडली. "तेविसावं पान," ते म्हणाले, आणि इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

वहीत प्रत्येक अल्बमला एक पान होतं. वर नंबर, खाली रेघांचा चौकोन, मग गुण, मग शेरा. बाविसाव्या पानावर तीन रेघा. चोविसाव्यावर तीन रेघा. तेविसाव्या पानावर चौकोन भरून रेघा समासात गेल्या होत्या, समासातून पानाच्या डोक्यावर, आणि तिथेही जागा संपली तेव्हा टाचणीने एक चिठ्ठी लावून तिच्यावर. माझ्या बायकोने बोट ठेवून मोजल्या. एक्केचाळीस निघाल्या. "तरीच पायपुसणी," ती पुटपुटली.

गुणांच्या जागी एक आडवी रेघ होती. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'बाद. परीक्षकाची ओळख आहे.' त्याच्या खाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ होती. ताईंनी चष्मा वर केला, डोळे पुसले, पुन्हा वाचायला गेल्या आणि त्यांना जमेना.

"मला माहीत आहे काय असेल," बारकी दारातून म्हणाली. "बेस उशिरा येतो. दोन वर्षं तो कागद पिशवीत आहे माझ्या."

"तरी सुधारलं नाहीस," साडू टेबलाकडे बघत म्हणाले.

"सुधारायला बसले होते. महिनाभर बसले. वेळेवर आले की ते माझं वाटायचंच नाही. मग राहू दिलं."

ताईंनी वही तिच्याकडे धरली. बारकी एका पायात चप्पल तशीच ठेवून खोलीत आली, आणि या घरात पहिल्यांदाच कुणी त्याबद्दल काही बोललं नाही. तिने पान आधी मनात वाचलं. मग आईसाठी मोठ्याने वाचलं.

"बेस उशिरा येतो. येऊ दे."

साडूंची पाठ हलली नाही. त्यांनी इस्त्रीची वायर उगाचच सरळ केली, पुन्हा गुंडाळली. मला माझ्या अकरा ग्रॅमबद्दल आणखी बरंच बोलायचं होतं, ते मी सँडविचबरोबर गिळलं.

"सातव्यात कुठे चुकले?" बारकीने विचारलं.

"दुसऱ्या मिनिटाला," साडू म्हणाले. "बदलू नकोस."

तिने पायातली चप्पल काढून दाराबाहेर ठेवली, पिशवी खाली जमिनीवर ठेवली, आणि स्टूल सोडून खिडकीजवळ बापाच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आई, चहा अर्धाच टाक मला," ती म्हणाली.

ताईंनी पूर्ण टाकला.